पिकाच्या राखणीतील रायफल आणि सरळ नेमाचा पल्ला

रानडुकरांचा उपद्रव हा विषय आमच्या शेतकरी बंधूंस नवा नाही. भुईमुगास शेंगा धरल्या, मक्याची कणसे भरली किंवा उसात गोडी उतरली, की एका रात्रीत कळप येतो आणि जेवढे खातो त्याहून अधिक उकरून व तुडवून जातो. कुंपण, दिवे, डबे वाजविणे, राखणीची कुत्री हे उपाय आपापल्या परीने चांगले आहेत व ते आधी करावेत हेच इष्ट होय. परंतु हे उपाय जेथे थकतात, तेथे वनखात्याची लेखी परवानगी काढून हत्याराचा उपाय योजण्याची पाळी येते, आणि ज्याच्याजवळ परवान्याची रायफल आहे अशा एखाद्या गृहस्थास बोलावणे जाते. तो येतो, माळ्यावर बसतो, गोळी सुटते. परंतु जनावर पडत नाही. सकाळी पाहावे तो रक्ताचे चार थेंब, किंवा तेही नाहीत. मंडळी म्हणतात, नेम चुकला. आमचे म्हणणे असे आहे की, पुष्कळ प्रसंगी माणसाचा नेम चुकलेला नसतो. रायफलच त्या कामासाठी लावलेली नसते.

रायफल लावणे म्हणजे तिची शिस्त अशी बसविणे, की ठरलेल्या अंतरावर जेथे नजर तेथे गोळी. हे अंतर कोणते धरावे, याविषयी इंग्रजी शिकारी पुस्तकांत एक नियम सांगितलेला असतो. त्यास ते लोक मॅक्झिमम पॉइंट ब्लँक रेंज म्हणतात. आम्ही त्यास सरळ नेमाचा पल्ला म्हणू. अमेरिकेच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण कुरणांत व डोंगरांत, जेथे हरणावर दोनशे-तीनशे वारांवरून गोळी घालावी लागते, तेथे हा नियम मोठ्या उपयोगाचा आहे. तो जसाच्या तसा उचलून आपल्या तुरीच्या पट्ट्यात किंवा उसाच्या बांधावर आणला तर काय होते, आणि आपल्या कामापुरता तो कसा वळवून घ्यावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

परवाना व परवानगी

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी कायद्याचे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. शस्त्र अधिनियम १९५९ यात पिकाच्या राखणीसाठी म्हणून जे हत्यार सांगितले आहे ते ठासणीची बंदूक होय. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. रायफलीचा परवाना निराळा, व त्यास सबळ कारण दाखवावे लागते. सबब रायफल बाळगणारे शेतकरी थोडे. पण ज्यांस बोलावले जाते ते बहुधा तेच.

दुसरे असे की, हत्याराचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ यात २०२२ साली दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तीन्वये रानडुक्कर व नीलगाय, म्हणजे आपला रोही, ही दोन्ही जनावरे दुसऱ्या अनुसूचीत आहेत. जनावर मनुष्याच्या जिवास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झाले आहे अशी खात्री झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी कलम ११ अन्वये कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतात. त्या कागदात जे क्षेत्र, जी मुदत व ज्या शर्ती असतील त्या अक्षरशः पाळाव्यात. मारलेले जनावर ही सरकारची मालमत्ता असते, हेही विसरू नये.

गोळीची वाट

कित्येकांचा असा समज आहे की, रायफलीची गोळी प्रथम काही अंतर अगदी सरळ जाते व जोर सरल्यावर खाली वळते. हा समज खरा नाही. नळीच्या तोंडाबाहेर पडताच गोळी खाली येऊ लागते. हातातून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे १६ फूट खाली येतो. रायफलीच्या गोळीसही हाच न्याय लागू आहे. भेद एवढाच की, गोळी त्या अवधीत पुष्कळ दूर गेलेली असते.

आपल्या देशात सरकारी कारखान्यात तयार होणारी ०.३१५ इंची रायफल पुष्कळांजवळ असते. तिच्या काडतुसातील गोळी जड, म्हणजे २४४ ग्रेनची, व बोथट नाकाची असते. तिचा नळीतून सुटतानाचा वेग सेकंदास २,००० फूट धरून आम्ही हिशेब मांडतो. अशी गोळी १०० वारांवर, म्हणजे ३०० फुटांवर, एका सेकंदाच्या सुमारे सहाव्या हिश्श्यात पोचते, आणि तेवढ्यात जवळजवळ ५ इंच खाली आलेली असते. २०० वारांवर पोचावयास सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तेथे ती सुमारे २१ इंच खाली आलेली असते. अंतर दुप्पट झाले, पण घसरण चौपटीहून अधिक झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मग गोळी नेमावर कशी लागते? तर मागची खाच व पुढची माशी अशा बसविलेल्या असतात की, डोळा, खाच, माशी व लक्ष्य एका रेषेत आणले असता नळीचे तोंड किंचित वर उचललेले राहते. शिस्तीची रेषा नळीच्या सुमारे एक इंच वरून जाते. गोळी नळीतून निघते ती या रेषेच्या खालून. थोड्या अंतरावर ती रेषा ओलांडून वर जाते, काही काळ रेषेच्या वर राहते, आणि पुढे पुन्हा रेषा ओलांडून खाली उतरते. म्हणजे एकाच गोळीचा नेम दोन ठिकाणी तंतोतंत जुळतो, एकदा अगदी जवळ व एकदा दूर. मधल्या सर्व अंतरांत ती नजरेहून वर असते.

सरळ नेमाचा पल्ला म्हणजे काय

आता जनावराचे मर्मस्थान पाहू. पुढच्या पायामागे छातीच्या पोकळीत काळीज व फुप्फुसे असतात. वाढलेल्या डुकराच्या बाबतीत ही जागा सहा इंच व्यासाची, म्हणजे चहाच्या बशीएवढी धरावी. या वर्तुळाच्या मध्यावर शिस्त धरली, तर गोळी तीन इंच वर किंवा तीन इंच खाली गेली तरी मर्मातच लागते. तेव्हा रायफल अशी लावावी की, वाटेत गोळी कोठेही रेषेच्या तीन इंचांहून वर जाऊ नये. आणि पुढे जेथे ती रेषेच्या तीन इंच खाली उतरते तेथपर्यंतचे अंतर हा सरळ नेमाचा पल्ला. या पल्ल्याच्या आत जनावर ५० वारांवर आहे की १५० वारांवर, याचा विचार करण्याचे कारण नाही. मध्यावर धरावे व चाप ओढावा. नियमाची सारी खुबी हीच.

वर सांगितलेल्या ०.३१५ च्या गोळीस हा नियम लावला तर आमच्या हिशेबाने पुढील कोष्टक येते:

२५ वारांवर: सुमारे १ इंच वर
५० वारांवर: सव्वादोन इंच वर
१०० वारांवर: ३ इंच वर
१२५ वारांवर: सव्वादोन इंच वर
१५० वारांवर: पाऊण इंच वर
१६० वारांच्या सुमारास: तंतोतंत नेमावर
१८५ वारांवर: ३ इंच खाली
२०० वारांवर: ५ इंच खाली

म्हणजे पल्ला १८५ वारांचा झाला. उलटपक्षी हीच रायफल बरोबर १०० वारांवर लावली, तर गोळी ५० वारांवर पाऊण इंच वर, १२५ वारांवर दीड इंच खाली व १५० वारांवर सुमारे साडेतीन इंच खाली लागते; पल्ला १४० वारांच्या आसपास संपतो. नियमाने ४०-४५ वार अधिक मिळाले. अधिक वेगाच्या रायफलीस, उदाहरणार्थ १८० ग्रेनची गोळी २,७०० फुटांच्या वेगाने सोडणाऱ्या ३०-०६ जातीस, हाच नियम लावला असता पल्ला अडीचशे वारांच्या पुढे जातो. हे आकडे पाहून कोणासही मोह व्हावा. परंतु अति तेथे माती ही म्हण येथेही खरी ठरते. ती कशी, ते आता सांगतो.

कागदावरील पल्ला व शेतातील पल्ला

या हिशेबात एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली आहे. ती अशी की, रायफल व माणूस मिळून प्रत्येक गोळी एकाच छिद्रातून घालतात. वास्तविक पाहता तसे कधीच घडत नाही. वाळूच्या पिशवीवर टेकून १०० वारांवर पाच गोळ्या घातल्या तर त्या दोन-तीन इंचांच्या फेरात पसरतात. माळ्यावर अवघडून बसून, थंडीने गारठलेल्या बोटांनी घातल्या तर चार इंचांत राहिल्या तरी उत्तम म्हणावे. चार इंचांचा फेर म्हणजे मध्यापासून दोन इंच वर व दोन इंच खाली. आता तीन इंचांच्या नियमाने लावलेली रायफल १०० वारांवर मुळातच तीन इंच वर मारते. त्यात हाताचे दोन इंच मिळविले की पाच इंच झाले. मर्म तर तीन इंचांवर संपते. तात्पर्य, नियमाने मर्माची सगळी जागा गोळीच्या वाटेसच देऊन टाकली. माणसाच्या हातास काही शिल्लक ठेवले नाही.

हे झाले साधारण. रानडुकराच्या बाबतीत तीन कारणे अशी आहेत की, जी गोळी वरच नेतात.

पहिले कारण जनावराची ठेवण. रानडुकराच्या मानेवर व खांद्यावर राठ केसांची आयाळ उभी असते व खांद्याचा उंचवटाही मोठा असतो. त्याचे काळीज मात्र खाली व पुढे असते. पाहणारा आयाळीसकट उंची धरतो व तिच्या मध्यावर शिस्त लावतो. त्यामुळे तो मर्माच्या वर धरतो. पुढच्या पायाच्या सरळ वर, अंगाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यावर धरणे हेच योग्य होय.

दुसरे कारण अंधुक उजेड. काळोखात माशी नीट दिसत नाही, म्हणून माणूस नकळत ती खाचेच्या वर उचलतो. खाच व माशी यांतील अंतर २० इंच असेल आणि माशी एका इंचाच्या विसाव्या हिश्श्याने, म्हणजे नाण्याच्या जाडीएवढीच, अधिक उचलली गेली, तर त्रैराशिक मांडून पाहावे: १०० वारांवर गोळी ९ इंच वर जाते, ६० वारांवर सुमारे साडेपाच इंच वर. दुर्बीण लावलेल्या रायफलीत हा दोष राहत नाही, पण दुर्बीण सर्वांजवळ नसते.

तिसरे कारण म्हणजे स्वतः हा नियम. आपल्या शेतात डुक्कर दिसते ते बहुधा ४० ते १०० वारांच्या आत. आणि याच अंतरात तीन इंचांच्या नियमाची रायफल सर्वांत वर मारते. म्हणजे ज्या १५०-१८५ वारांसाठी आपण ही किंमत देतो ते वार आपल्या उपयोगाचे नाहीत, आणि जे वार उपयोगाचे आहेत तेथेच किंमत भरावी लागते.

तिन्ही चुका एकाच दिशेच्या. त्या एकमेकींस खोडून काढीत नाहीत. त्यांची बेरीज होते. परिणामी गोळी पाठीच्या कण्यावरील मांसातून किंवा पाठीवरून निघून जाते.

चुकलेली गोळी कोठे जाते

गोळी पाठीवरून गेली, डुक्कर वाचले, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. रायफलीची गोळी अडली नाही तर एक मैलाहूनही पुष्कळ दूर जाते, आणि रात्रीचे शेत हे निर्जन नसते. शेतीची वीज पुष्कळ ठिकाणी पाळीने रात्री मिळते. दहाव्या बांधापलीकडे कोणी तरी बारे देत उभा असतो. उसाच्या मुलखात गळिताच्या दिवसांत तोडणी कामगारांची खोपटी शेताच्या कडेस असतात, व त्यांत लहान मुले निजलेली असतात. यास्तव गोळी वर जाणे हा केवळ नेमाचा दोष नव्हे; तो दुसऱ्याच्या जिवाशी संबंध असलेला दोष आहे.

यासही हिशेब आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा पाच फुटांवर असतो. ६० वारांवरील डुकराच्या पाठीवरून, म्हणजे तीन फूट उंचीवरून, त्याची गोळी गेली, तर सपाट रानात ती आणखी सुमारे ९० वार गेल्यावर जमिनीस लागते. तोच माणूस १२ फूट उंचीच्या माळ्यावर असेल, तर तशीच चुकलेली गोळी डुकराच्या मागे २० वारांवर जमिनीत शिरते. माळा असतो तो केवळ डुकरास वास लागू नये म्हणून नव्हे. तो गोळीस जमीन दाखविण्यासाठी आहे. तरीही निसटत्या कोनाने खडकावर किंवा कठीण मुरमावर पडलेली गोळी उसळते. सबब डुकराच्या मागे मातीचा बांध अथवा उंच चढ असल्यावाचून चाप ओढू नये. आणि त्या दिशेस कोणी पाणी देत नाही, याची दिवस मावळण्यापूर्वीच स्वतः फिरून खात्री करून घ्यावी.

मग रायफल कोणत्या अंतरावर लावावी

नियम टाकून देण्याचे कारण नाही; त्यात आपल्या हाताचा हिस्सा वजा घालावा म्हणजे झाले. मर्म सहा इंच. आपला फेर १०० वारांवर चार इंच. बाकी राहिले दोन इंच, म्हणजे रेषेच्या वर एक व खाली एक. एवढीच सूट गोळीच्या वाटेस द्यावी. तशी रायफल लावली असता ०.३१५ ची गोळी अशी जाते: २५ वारांवर पाव इंच वर, ५० व ७५ वारांवर एक इंच वर, १०० वारांवर अर्ध्या इंचाहूनही कमी वर, आणि १२५ वारांवर एक इंच खाली. वाटेपुरता पल्ला १२५ वारांचा दिसतो. परंतु अंतराबरोबर हाताचा फेरही वाढत जातो, म्हणून ११५-१२० वारांच्या पुढे मर्माची शाश्वती संपते. आम्ही म्हणतो, १०० वार ही शेवटची सीमा धरावी. कागदावरील १८५ वारांतून शेतात १०० उरले. यात तोटा काहीच नाही, कारण उरलेले ८५ वार आपले कधी नव्हतेच.

जो आपला फेर मोजीत नाही त्यास आपला पल्ला सांगण्याचा अधिकार नाही, हे या लेखाचे सार आहे.

रायफल लावण्याची रीत

हे काम शेतात किंवा गावाशेजारच्या माळावर करू नये. जिल्ह्यातील रायफल संघटनेची किंवा अन्य मान्यताप्राप्त चांदमारी गाठावी, व परवान्यावरील काडतुसांच्या संख्येचा आधी विचार करून त्यांतून या कामासाठी पंधरा-वीस काडतुसे राखून ठेवावीत. काडतुसे महाग असतात हे खरे. पण जखमी डुक्कर त्याहून महाग पडते.

पहिली गोष्ट: रायफल रिकामी असल्याची खात्री करून सर्व पेच घट्ट आहेत की नाहीत ते पाहावे, आणि नळीतील तेल कोरड्या फडक्याने पुसून काढावे. तेलकट नळीतून गेलेली पहिली गोळी पुष्कळदा भलतीकडे जाते, आणि डुकरावर घालावयाची गोळी ही पहिलीच असते.

दुसरी गोष्ट: जी काडतुसे शेतात वापरावयाची त्याच जातीची व शक्य तर त्याच खेपेची वापरावीत. काडतूस बदलले की सर्व हिशेब बदलतो.

तिसरी गोष्ट: वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकावी, पण नळी टेकू नये, नळीखालील लाकूड टेकावे. कानांत बोळे घालावेत.

चौथी गोष्ट: प्रथम २५ वारांवर मोठा कागद लावून तीन गोळ्या घालाव्यात व तिन्ही छिद्रांचा मध्य काढावा. एका गोळीवरून काही ठरवू नये. येथे काम फक्त ढोबळ सुधारणेचे. २५ वारांवर अर्ध्या इंचाची चूक राहिली तर ती १०० वारांवर दोन इंच होते. म्हणून कित्येक लोक २५ वारांवर समाधान मानून घरी येतात ते बरोबर नाही.

पाचवी गोष्ट: सुधारणा करताना गोळी ज्या बाजूस न्यावयाची त्या बाजूस मागची खाच सरकवावी, पुढची माशी सरकवावयाची असल्यास उलट बाजूस. माशी आखूड केली तर गोळी वर जाते, उंच केली तर खाली. किती सरकवावे हे त्रैराशिकाने निघते. खाच व माशी यांत २० इंच अंतर असेल, तर १०० वार म्हणजे ३,६०० इंच, याची १८० पट. अर्थात कागदावर साडेचार इंचांची चूक दुरुस्त करावयास शिस्त एका इंचाच्या चाळिसाव्या हिश्श्याने हलवावी लागते. एवढे बारीक काम कानशीने घरी करू नये. घासलेली माशी पुन्हा वाढत नाही. ते परवानाधारक कारागिराकडून करवून घ्यावे. दुर्बीण असेल तर काम सोपे. तिच्या चकतीचा एक खटका बहुधा १०० वारांवर पाव इंच सरकवितो, म्हणजे २५ वारांवर पाव इंचासाठी चार खटके लागतात.

सहावी गोष्ट: नंतर १०० वारांवर जावे. तीन-तीन गोळ्यांचे तीन डाव घालावेत व प्रत्येक डावानंतर नळी थंड होऊ द्यावी. सर्व छिद्रांचा मध्य नेमाच्या अर्धा इंच वर येईल तेव्हा शिस्त बसली असे समजावे.

सातवी गोष्ट, व ही सहसा कोणी करीत नाही: पिशव्या बाजूस काढून, माळ्यावर जसे बसतो तसे बसून, गुडघ्याचा किंवा कठड्याचा आधार घेऊन आणखी पाच गोळ्या घालाव्यात. या पाच छिद्रांत सर्वांत दूरच्या दोहोंमधील अंतर हा आपला खरा फेर. तो चार इंचांहून मोठा आला, तर त्या मानाने सीमा अलीकडे आणावी. सहा इंच आला तर १०० वारांवर आपले काही काम नाही. ६०-७० वारांवर थांबावे. नाचता येईना अंगण वाकडे असे म्हणून रायफलीस दोष देऊ नये.

हे सर्व एका जाड कागदावर लिहून रायफलीच्या पेटीत ठेवावे: काडतुसाची जात, लावल्याची तारीख, २५, ५०, ७५ व १०० वारांवरील वर-खाली, आणि आपला फेर. वर दिलेले आमचे आकडे हिशेबाचे आहेत. तुमच्या रायफलीचा कागद सांगेल तेच खरे.

अंतर मोजण्याची युक्ती

रात्री अंतराचा अंदाज कोणासही बरोबर येत नाही. ६० वार शंभर वाटतात व शंभर साठ. यावर उपाय आपल्या शेतातच आहे. मोजणीची ३३ फुटी साखळी, जिचे सोळा आणे पाडलेले असत, ती आता फारशी दिसत नसली तरी तिचे माप गुंठ्यात शिल्लक आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद. ३३ फूट म्हणजे ११ वार; तेव्हा अशा नऊ साखळ्या म्हणजे ९९ वार झाले. ३३ फुटांची एक दोरी करून दिवसा माळ्यापासून जनावरांच्या वाटेकडे मोजीत जावे, व पाच साखळ्यांवर आणि नऊ साखळ्यांवर चुना लावलेले दगड ठेवावेत. दूरच्या दगडापलीकडे गोळी घालावयाची नाही, असा नियम ठेवला म्हणजे काळोखात अंदाज बांधण्याचे कारणच उरत नाही. ज्यांच्या शेताचा चौरस तुकडा एक एकराचा आहे त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की, त्याची एक बाजू सुमारे ७० वारांची असते.

गोळी लागल्यावर

गोळी लागून डुक्कर जागीच पडले नाही, तर ते कोठे उभे होते व कोणत्या बाजूस गेले ही खूण पक्की करावी आणि माळ्यावरच थांबावे. रात्री उसात किंवा तुरीत त्याच्या मागे जाणे म्हणजे जिवावर उदार होणे होय. जखमी नराचे सुळे मांडीची मोठी रक्तवाहिनी फाडू शकतात, आणि ते माणसाच्या मांडीच्याच उंचीवर असतात. वनखात्याच्या कर्मचाऱ्यांस लगेच वर्दी द्यावी, व उजाडल्यावर त्यांच्या समक्ष, माहीतगार माणसे घेऊन शोध करावा. जोपर्यंत जनावर सापडले नाही तोपर्यंत त्या शेतात व शेजारच्या शेतांत खुरपणीस बाया व तोडणीस माणसे घालू नयेत, आणि शेजाऱ्यांस तसे स्पष्ट सांगावे. लाजेखातर ही गोष्ट झाकून ठेवण्याची रीत काही ठिकाणी दिसते; तिचे फळ दुसऱ्या दिवशी भलत्याच्या पदरी पडते.

असो. रायफलधारकास बोलावणाऱ्या शेतकरी बंधूंनीही या लेखातील तीन प्रश्न त्यास आदरपूर्वक अवश्य विचारावेत: साहेब, आपली रायफल किती वारांवर लावली आहे? शंभर वारांवर, बसून, आपला फेर किती? आणि आमच्या शेतात आपण कोणत्या दिशेस गोळी घालणार नाही? पहिल्या दोहोंचे उत्तर ज्याच्याजवळ कागदावर लिहिलेले आहे आणि तिसऱ्याचे उत्तर देण्यापूर्वी जो उठून शेत पाहावयास निघतो, त्यास माळ्यावर बसवावे. आणि चुन्याच्या दुसऱ्या दगडापलीकडे उभे असलेले डुक्कर त्या रात्रीपुरते सोडून द्यावे. पीक चार सऱ्यांनी कमी येईल, पण बांधापलीकडे पाणी देणारा माणूस सकाळी आपल्या घरी जाईल.